एक शर्यत, अनेक वृत्तांत : वृत्तपत्रवाचनाचा एक पाठ

(इयत्ता ६ वी व ७ वी : भाषा आणि सामाजिक शास्त्रे)

प्रास्ताविक

परिपाठाच्या वेळी बातम्या वाचून दाखविण्याची प्रथा प्राथमिक शाळांतून जुनी आहे. शिक्षक वर्तमानपत्रातील चार ठळक बातम्या निवडतो, एखादा विद्यार्थी त्या मोठ्याने वाचतो आणि दिवसभर त्या वार्ताफलकावर राहतात. या प्रथेने मुलांच्या सामान्यज्ञानात भर पडते, यात संशय नाही. परंतु तिच्यातून एक समजूतही नकळत रुजते. ती अशी की, जे छापून आले ते घडलेच असले पाहिजे, आणि जसे छापून आले तसेच ते घडले असले पाहिजे. ही समजूत केवळ मुलांचीच असते असे नाही. चावडीवर वर्तमानपत्राचे सामुदायिक वाचन होत असे त्या काळी ती मोठ्या माणसांतही होती, आणि आज बातमी मोबाइलच्या पडद्यावर येऊ लागली तरी ती गेलेली नाही.

बातमी देणारा माणूस खोटे बोलत नसला तरी तो निवड करीत असतो. कोणती घटना सांगावयाची, कोठून आरंभ करावयाचा, कोणता शब्द योजावयाचा, कोणते छायाचित्र छापावयाचे आणि किती जागा द्यावयाची, या प्रत्येक ठिकाणी निवड आहे. आणि जेथे निवड आहे तेथे कल आहे. हा कल ओळखता येणे हे वाचनाचेच एक अंग होय. अक्षरओळख झाली म्हणजे वाचन आले असे आपण मानीत नाही. त्याचप्रमाणे बातमीचा अर्थ कळला म्हणजे बातमी वाचता आली असेही मानू नये.

या पाठासाठी एका मोठ्या शहरातील मॅरेथॉन शर्यतीचे उदाहरण घेतले आहे. शर्यत हा विषय मुलांच्या आवडीचा आहे. शिवाय अशी घटना एकाच दिवशी शेकडो वार्ताहरांच्या डोळ्यांसमोर घडत असल्यामुळे वृत्तांतांची तुलना करण्यास ती सोयीची पडते.

पार्श्वभूमी

मॅरेथॉन हे ग्रीस देशातील एका मैदानाचे नाव आहे. इसवी सनापूर्वी ४९० मध्ये तेथे अथेन्सच्या सैन्याने इराणी सैन्याचा पराभव केला. एक दूत विजयाची वार्ता घेऊन अथेन्सपर्यंत धावत आला आणि ती सांगताच गतप्राण झाला, अशी कथा प्रसिद्ध आहे. मात्र त्या युद्धाचा वृत्तांत लिहिणाऱ्या हेरोडोटस या इतिहासकाराच्या ग्रंथात ही कथा नाही. ती कित्येक शतकांनंतरच्या लेखकांनी सांगितली आहे. ज्या शर्यतीचे नावच एका वार्तेवरून पडले, त्या वार्तेचीही पारख करावी लागते, ही गोष्ट पाठाच्या आरंभी मुलांना अवश्य सांगावी.

सन १८९६ च्या अथेन्स येथील ऑलिंपिक सामन्यांत या शर्यतीचा समावेश झाला. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८९७ मध्ये, अमेरिकेतील बोस्टन शहराने आपली वार्षिक मॅरेथॉन सुरू केली. आजचे ४२.१९५ किलोमीटरचे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकवरून आले. बोस्टनची शर्यत हॉपकिंटन या गावी सुरू होते व बोस्टनच्या बॉयलस्टन रस्त्यावर संपते.

दि. १५ एप्रिल २०१३ रोजी या शर्यतीची ११७ वी आवृत्ती होती. पुरुषांत इथियोपियाचा लेलिसा देसिसा आणि स्त्रियांत केनियाची रीटा जेप्टू हे विजयी झाले. सर्वसाधारण स्पर्धक अद्याप धावत असताना दुपारी पावणेतीनच्या सुमारास अंतिम रेषेजवळ, काही सेकंदांच्या अंतराने, दोन बाँबस्फोट झाले. त्यांत तीन माणसे ठार झाली. त्यांपैकी एक आठ वर्षांचा मुलगा होता. जखमींची संख्या २६० हून अधिक भरली व कित्येकांना पाय गमवावे लागले. तपासात दोन भावांची नावे निष्पन्न झाली. दि. १९ एप्रिलच्या पहाटे त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला आणि त्याच सायंकाळी दुसरा पकडला गेला. या पाच दिवसांत बातम्या कशा दिल्या गेल्या, हा आपल्या पाठाचा विषय आहे.

वृत्तांतांची तुलना

(१) आकडा. स्फोटांनंतर काही तासांतच न्यूयॉर्क पोस्ट या वृत्तपत्राने बारा जण ठार झाल्याचे वृत्त दिले. त्याच वेळी इतर बहुतेक वृत्तसंस्था अधिकाऱ्यांच्या हवाल्याने दोन, व नंतर तीन, हा आकडा देत होत्या. खरा आकडा तीन ठरला. आपत्तीच्या प्रसंगी पहिला आकडा बहुधा कच्चा असतो. तो कोणी मोजला, केव्हा मोजला व कोणाच्या हवाल्याने दिला हे ज्या बातमीत सांगितलेले असते ती अधिक विश्वसनीय मानावी. मोठा आकडा अधिक लक्ष वेधून घेतो. म्हणूनच त्याच्याविषयी अधिक सावध असावे.

(२) घाई. दि. १७ एप्रिल रोजी संशयितास अटक झाल्याचे वृत्त सी. एन. एन. व असोसिएटेड प्रेस यांसारख्या नामांकित संस्थांनी दिले. अटक झालेलीच नव्हती. एन. बी. सी. या संस्थेच्या वार्ताहराने मात्र आपल्या माहितीप्रमाणे अटक झालेली नाही, असेच सांगितले. त्याच दिवशी अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने निवेदन काढून अटकेचे वृत्त नाकारले. अनधिकृत सूत्रांवर विसंबून दिलेल्या बातम्यांचे परिणाम अनपेक्षित होतात, तेव्हा वृत्तसंस्थांनी खात्री करून घ्यावी, अशी विनंतीही तिने केली. सी. एन. एन. च्या त्या वृत्तात पकडलेला इसम काळसर वर्णाचा असल्याचेही सांगण्यात आले होते. अशा वर्णनाने कोणाचीही ओळख पटत नाही. केवळ त्या वर्णाच्या सर्व माणसांकडे संशयाने पाहिले जाते. घाईत माणूस आपल्या मनातील पूर्वग्रहाला सहज वाट करून देतो, हे येथे दिसून येते.

(३) छायाचित्र. दि. १८ एप्रिल रोजी न्यूयॉर्क पोस्टने पहिल्या पानावर दोन तरुणांचे मोठे छायाचित्र छापले. शर्यत पाहण्यास आलेल्या या तरुणांजवळ पिशव्या होत्या. पोलीस या दोघांच्या शोधात आहेत, असा मथळ्याचा आशय होता. दोघेही सर्वथा निरपराध होते आणि त्यांतील एक तर शाळकरी मुलगा होता. आपण त्यांना संशयित म्हटलेच नव्हते, असा बचाव वृत्तपत्राने केला. प्रकरण न्यायालयात गेले व २०१४ मध्ये तडजोडीने मिटले. शब्दांत आरोप नसतानाही चित्र व मथळा यांच्या जोडणीतून आरोप कसा उभा राहतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्कच्याच डेली न्यूज या वृत्तपत्राचे. दि. १६ एप्रिलच्या पहिल्या पानावरील छायाचित्रात एका जखमी व्यक्तीच्या पायाची जखम पुसून टाकण्यात आली होती. हेतू कदाचित वाचकांचे मन सांभाळण्याचा असेल. तथापि तसे न कळविता चित्र बदलल्यामुळे ते सत्याचे चित्र राहिले नाही. न दाखविणे आणि बदलून दाखविणे या दोहोंतील भेद विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावा.

(४) शब्द. घटनेच्या दिवशी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष ओबामा यांनी केलेल्या पहिल्या भाषणात ‘दहशतवाद’ हा शब्द नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो योजला. मधल्या वेळात काही वृत्तनिवेदक तो शब्द सर्रास वापरीत होते, तर काही ‘स्फोट’ एवढेच म्हणत होते. ‘स्फोट’ हा शब्द काय घडले ते सांगतो. ‘दहशतवादी हल्ला’ हे शब्द कोणी व का केले याविषयीचा निर्णयही सांगून टाकतात. निर्णय पुढे बरोबर ठरला तरी पुराव्यापूर्वी दिलेला निर्णय तो अंदाजच होता. आपल्याकडील ‘जमाव’, ‘टोळके’, ‘आंदोलक’, ‘ग्रामस्थ’ हे शब्द एकाच लोकसमूहासाठी कसे योजले जातात, हे शिक्षकाने फळ्यावर लिहून दाखवावे.

(५) जागा. त्याच १५ एप्रिल रोजी इराकमध्ये निरनिराळ्या शहरांत बाँबस्फोट होऊन तीसहून अधिक माणसे मरण पावली. दि. १७ एप्रिल रोजी टेक्सास राज्यातील वेस्ट नावाच्या लहानशा गावी रासायनिक खताच्या कोठारात आग लागून प्रचंड स्फोट झाला. पंधरा माणसे गेली, व त्यांत आग विझविण्यास धावलेले स्वयंसेवक बरेच होते. त्या आठवड्यात अमेरिकी वृत्तपत्रांत व दूरचित्रवाणीवर बोस्टनने व्यापलेल्या जागेच्या मानाने या दोन्ही घटनांना पुष्कळच कमी जागा मिळाली.

हा सर्वस्वी अन्यायच होता काय? शिक्षकाने येथे घाईने निकाल देऊ नये. बोस्टनची घटना शेकडो कॅमेऱ्यांसमोर घडली होती, तीमागील गुन्हेगार सापडावयाचे होते, आणि प्रत्येक वृत्तपत्र आपल्या वाचकांना जवळची वाटणारी बातमी प्रथम देते. कृष्णाकाठच्या पुराला सांगली-कोल्हापूरच्या वृत्तपत्रांत दूरदेशीच्या पुरापेक्षा अधिक जागा मिळाली तर त्यात वावगे काही नाही. परंतु जागा अधिक म्हणून दुःख अधिक, असे वाचकाने समजू नये. मोठ्या शहरातील मृत्यूची बातमी मोठी व खेड्यातील मृत्यूची लहान, ही सवय एकदा जडली म्हणजे वाचकाच्या मनातही माणसांचे मोल त्याच मापाने ठरू लागते. खेड्यातील विद्यार्थ्याला तर हा मुद्दा आपला स्वतःचाच वाटेल.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगणे न्यायाचे होईल. बोस्टन ग्लोब या स्थानिक वृत्तपत्राला या घटनेच्या वृत्तांकनाबद्दल २०१४ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. चुका झाल्या त्या वृत्तपत्रांनी केल्या, आणि त्या उघडकीस आणल्या त्याही वृत्तपत्रांनीच.

खरे छायाचित्र, अपुरी स्मृती

कल हा नेहमी चुकीतूनच येतो असे नाही, हे दाखविण्यासाठी त्याच शर्यतीचे आणखी एक जुने उदाहरण उपयोगी पडेल. सन १९६७ मध्ये बोस्टनच्या शर्यतीत स्त्रियांना अधिकृत प्रवेश नव्हता. कॅथरीन स्विट्झर ही विद्यार्थिनी अद्याक्षरांनी नाव नोंदवून २६१ हा क्रमांक लावून धावली. जॉक सेंपल या अधिकाऱ्याने धावत येऊन तिचा क्रमांक ओढून काढण्याचा प्रयत्न केला. त्या क्षणाची छायाचित्रे जगभर गाजली आणि आजही ती छापली जातात.

त्याच दिवशी त्याच शर्यतीत बॉबी गिब ही दुसरी स्त्रीही धावत होती. ती क्रमांकाविना धावली आणि स्विट्झरच्या सुमारे एक तास आधी तिने शर्यत पूर्ण केली. किंबहुना १९६६ मध्येही ती ही शर्यत पूर्ण धावली होती. परंतु तिला कोणी अडविले नाही. म्हणून तसे छायाचित्र निघाले नाही, आणि छायाचित्र नाही म्हणून लोकांच्या स्मरणात ती मागे पडली. स्त्रियांना या शर्यतीत अधिकृत प्रवेश १९७२ मध्ये मिळाला, आणि गिबच्या १९६६ ते १९६८ या तीन वर्षांच्या विजयांना आयोजकांनी १९९६ मध्ये मान्यता दिली. येथे कोणी खोटे छापले नव्हते व स्विट्झरचे धैर्यही खरेच होते. तथापि भांडणाचे चित्र निघते आणि शांतपणे केलेल्या पराक्रमाचे निघत नाही, हा बातमीचा स्वभाव वाचकाला ठाऊक असला पाहिजे.

हा विषय आपल्या दाराशी

बोस्टनमधील निरपराध तरुणांचे छायाचित्र ही दूरदेशीची हकीकत वाटेल. परंतु तिच्यातील धोका आपल्या राज्याने प्रत्यक्ष अनुभवला आहे. सन २०१८ मध्ये मुले पळविणाऱ्या टोळ्या आल्याच्या अफवा मोबाइलवरील संदेशांतून व चित्रफितींतून पसरल्या. दि. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी, भिक्षेवर उपजीविका करणाऱ्या भटक्या समाजातील पाच माणसांना जमावाने मुले पळविणारे समजून ठार मारले. त्यांतील बहुतेक माणसे सोलापूर जिल्ह्यातील होती आणि त्यांनी कोणाचेही मूल पळविले नव्हते.

त्या गर्दीतील एखाद्याने जरी विचारले असते की, हे कोणी पाहिले, केव्हा पाहिले, कोणत्या गावचे मूल गेले व त्याची फिर्याद कोठे आहे, तर जमावाचा पाय थबकण्याचा संभव होता. हे प्रश्न विचारण्याची सवय शाळेतच लागावयास हवी. या पाठाचे महत्त्व गुणपत्रिकेपुरते मर्यादित नाही, ते यासाठी.

पाठाची मांडणी

पहिली तासिका. शाळेच्या मैदानावर एक लहानशी शर्यत घ्यावी. न धावणाऱ्या मुलांचे तीन गट करून एक आरंभरेषेजवळ, एक मध्यावर व एक अंतिम रेषेजवळ उभा करावा. शर्यत संपताच प्रत्येक गटाने आपसांत न बोलता पाच-सहा वाक्यांत वृत्तांत लिहावा. तिन्ही वृत्तांत वर्गात वाचून दाखवावेत. एका गटाला मध्यावर पडलेला मुलगा दिसला असेल, दुसऱ्याला केवळ विजेता. कोणीही खोटे लिहिले नाही, तरीही तिन्ही वृत्तांत निराळे कसे, हा प्रश्न मुलांनाच विचारावा व उत्तर त्यांच्याकडूनच काढून घ्यावे.

दुसरी तासिका. बोस्टनची हकीकत गोष्टीरूपाने सांगावी. जखमींची दृश्ये दाखवू नयेत व त्यांचे वर्णनही टाळावे. त्यानंतर पुढील पाच प्रश्न फळ्यावर लिहून ते मुलांकडून वहीत उतरवून घ्यावेत :

१. आकडा कोणी मोजला आणि केव्हा?
२. सांगणारा तेथे होता काय? नसल्यास त्याला कोणी सांगितले?
३. चित्र केव्हाचे व कोठले आहे? त्याच्या चौकटीबाहेर काय असेल?
४. कोणता शब्द घटना सांगतो आणि कोणता शब्द मत सांगतो?
५. ही बातमी कोणत्या पानावर आहे, आणि तिच्यामुळे कोणती बातमी मागे पडली?

तिसरी तासिका. सन २००४ मध्ये सुरू झालेली मुंबईची मॅरेथॉन सामान्यतः जानेवारी महिन्यातील एका रविवारी होते. दुसऱ्या दिवशीची दोन-तीन निरनिराळी वृत्तपत्रे जमवावीत. वर्तमानपत्र न येणाऱ्या गावी शिक्षकाने तालुक्याहून ती आणून जपून ठेवावीत. जुने अंकही चालतील. मथळा, छायाचित्र, पहिल्या परिच्छेदातील नावे आणि न आलेली नावे असे चार रकाने पाडून मुलांनी तक्ता भरावा. विजेत्या परदेशी धावपटूला किती ओळी मिळाल्या, पहिल्या भारतीय धावपटूला किती, आणि केवळ हजेरी लावणाऱ्या प्रसिद्ध नटनट्यांना किती, हे मुलांनी पट्टीने मोजावे. रस्त्यावर पाणी देणाऱ्या स्वयंसेवकांविषयी किंवा पहाटे रस्ता झाडणाऱ्या कामगारांविषयी कोठे काही आले आहे काय, हेही शोधावे. मोजून काढलेला कल वादाचा विषय राहत नाही.

शिक्षकांसाठी सूचना

या पाठातून ‘वर्तमानपत्रे खोटी असतात’ असा ग्रह होऊ देऊ नये. सर्वांवर अविश्वास ठेवणारा वाचक हा सर्वांवर विश्वास ठेवणाऱ्या वाचकाइतकाच सहज फसतो. कारण मग तो आपल्या मनाला आवडेल तेच खरे मानू लागतो. विद्यार्थ्याला विश्वास टाकण्यापूर्वी तपासण्याची रीत दाखवावयाची आहे.

दुसरी सूचना अशी की, शिक्षकाने स्वतःची राजकीय मते या पाठात आणू नयेत. ज्या वृत्तपत्राची मते शिक्षकाला पटत नाहीत त्यातील दोष शोधणे सोपे असते. म्हणून आपल्या आवडीच्या वृत्तपत्रातील एक दोष त्याने प्रथम स्वतः दाखवावा. मुले शब्दांपेक्षा आचरणावरून अधिक शिकतात. वार्ताफलकावर चुकीची बातमी लिहिली गेली असेल, तर दुसऱ्या दिवशी तेथेच, तेवढ्याच ठळक अक्षरांत, दुरुस्ती लिहावी.

स्वाध्याय

१. गावातील जत्रा किंवा ग्रामसभा यांचा वृत्तांत एकदा दुकानदाराच्या व एकदा पाणी भरणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने लिहा. दोहोंत कोणती माहिती समान आहे?
२. घरातील मोबाइलवर आलेल्या एका संदेशाला वरील पाच प्रश्न लावून पाहा व उत्तरे वहीत लिहा.
३. ‘रस्ता अडविला’ व ‘रस्त्यावर बसले’ या दोन मथळ्यांतील भेद स्पष्ट करा.
४. बॉबी गिब हिची बातमी १९६७ मध्ये तुम्ही दिली असती तर पहिले वाक्य काय लिहिले असते?

समारोप

शाळा सोडून गेल्यावर पुष्कळ मुले पाठ्यपुस्तक पुन्हा उघडणार नाहीत. बातमी मात्र ती आयुष्यभर वाचतील, ऐकतील व दुसऱ्यास सांगतील. ती सांगताना ज्याच्यावर आरोप आहे त्या अनोळखी माणसाची बाजू क्षणभर त्यांच्या मनात आली, तर हा पाठ त्यांना समजला असे म्हणता येईल.